युनिक्समधील खाती : गेलेल्या माणसाची किल्ली

अमेरिकेतील मेरिलँड राज्यात अर्बाना येथे, गृहकर्ज क्षेत्रातील 'फॅनी मे' या बड्या वित्तसंस्थेच्या केंद्रात काम करणाऱ्या एका कंत्राटी युनिक्स अभियंत्याला २४ ऑक्टोबर २००८ रोजी कामावरून कमी करण्यात आले. संस्थेची साधने परत करण्यास त्याला सांगण्यात आले. मात्र संगणक यंत्रणेवरील त्याचे खाते त्याच क्षणी बंद झाले नाही. मधल्या काही तासांत त्याने रोज चालणाऱ्या एका साध्या आज्ञावलीच्या पोटात स्वतःच्या काही ओळी दडवल्या. ३१ जानेवारी २००९ या दिवशी त्या ओळी जाग्या होणार होत्या आणि संस्थेच्या हजारो सर्व्हरवरील कर्जे व रोख्यांची माहिती पुसून टाकणार होत्या. पाचच दिवसांनी एका वरिष्ठ अभियंत्याच्या नजरेस त्या ओळी पडल्या आणि अनर्थ टळला. पुढे २०१० साली न्यायालयाने त्या अभियंत्याला दोषी ठरवून ४१ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

या प्रकरणात कोणी कुलूप फोडले नाही की भिंत पाडली नाही. माणूस गेला होता, त्याची किल्ली मात्र चालू होती. युनिक्स आणि त्याच्याच कुळातील लिनक्स यंत्रणांवर वापरकर्त्यांच्या खात्यांची माहिती कशी ठेवली जाते, ती कोण बदलू शकतो आणि खाते बंद करणे म्हणजे नेमके काय करणे, हे समजून घेण्याची गरज अशा घटनांतून अधोरेखित होते. हा विषय केवळ संगणक अभियंत्यांपुरता राहिलेला नाही. जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्वच यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आली आहेत आणि खिशातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तेच लिनक्स आहे.

नाव माणसांसाठी, क्रमांक यंत्रासाठी

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्सची पायाभरणी केली. एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरावे, पण एकाच्या कामात दुसऱ्याचा हात पडू नये, ही त्यामागील गरज होती. म्हणूनच प्रत्येक वापरकर्त्याची नोंद ठेवणारी एक वही यंत्रणेत असणे क्रमप्राप्त होते. ही वही म्हणजे 'ईटीसी' या निर्देशिकेतील 'पासडब्ल्यूडी' नावाची साधी मजकुराची फाईल. अर्धशतक उलटले तरी तिचे रूप फारसे बदललेले नाही.

गावच्या तलाठ्याच्या दप्तरात जमिनीचा सातबारा असतो, तशी या फाईलमधील प्रत्येक ओळ म्हणजे एका खात्याचा उतारा होय. एका ओळीत सात रकाने असतात आणि दोन रकान्यांच्या मध्ये अपूर्णविरामाचे चिन्ह असते. एखाद्या कार्यालयातील लेखा शाखेच्या कर्मचाऱ्याची ओळ मूळ रोमन अक्षरांऐवजी देवनागरीत लिहिली तर ती साधारण अशी दिसेल :

लेखा०३:एक्स:१००७:१००:लेखा शाखा, दुसरा मजला:/होम/लेखा०३:/बिन/बॅश

पहिला रकाना खात्याच्या नावाचा. दुसरा पूर्वी परवलीच्या शब्दाचा, म्हणजे पासवर्डचा होता. आता तेथे केवळ 'एक्स' हे अक्षर असते आणि खरा ऐवज अन्यत्र ठेवलेला असतो. तिसरा रकाना वापरकर्ता क्रमांकाचा, चौथा तो ज्या मुख्य गटात मोडतो त्या गटाच्या क्रमांकाचा. पाचव्यात माणसाविषयीची माहिती : पूर्ण नाव, खोली, दूरध्वनी. सहावा त्याच्या घर-निर्देशिकेचा, म्हणजे त्याच्या फायली जेथे राहतात त्या जागेचा पत्ता. सातव्यात आत शिरताच कोणता आज्ञा-दुभाषी, अर्थात 'शेल', सुरू करावयाचा त्याचे नाव असते.

या सातांमध्ये यंत्राच्या दृष्टीने खरे महत्त्व तिसऱ्या रकान्याला आहे. फाईल कोणाच्या मालकीची हे युनिक्स नावाने नव्हे, तर क्रमांकाने लक्षात ठेवते. नाव ही माणसांची सोय आहे. नाव बदलले तरी क्रमांक तोच असेल, तर यंत्राच्या लेखी माणूसही तोच. शून्य हा क्रमांक 'रूट' या सर्वाधिकारी खात्याचा असतो. पण अधिकार 'रूट' या नावात नाहीत, ते शून्यात आहेत. कोणी चोरपावलाने आत शिरून एखाद्या निरुपद्रवी वाटणाऱ्या नावासमोर शून्य लिहून ठेवले, तर त्या खात्याला सारे अधिकार मिळतात. त्यामुळे तिसऱ्या रकान्यात शून्य असलेल्या ओळी किती, हे पाहणे ही खातेतपासणीतील पहिली पायरी मानली जाते.

अँड्रॉइड फोनमध्ये याच जुन्या व्यवस्थेचा कल्पक उपयोग करण्यात आला आहे. तेथे प्रत्येक अॅपला माणसाप्रमाणे स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक दिला जातो. एका अॅपला दुसऱ्या अॅपच्या खासगी फायली सहजासहजी वाचता येत नाहीत, त्यामागे हेच क्रमांकांचे कुंपण आहे.

सर्वांनी वाचावी अशी वही

'पासडब्ल्यूडी' फाईल यंत्रणेवरील कोणालाही वाचता येते. हा निष्काळजीपणा नसून ती गरज आहे. फायलींची यादी दाखवताना १००७ या क्रमांकाऐवजी 'लेखा०३' हे नाव दिसावे, यासाठी प्रत्येक आज्ञेला ही वही चाळावी लागते. मात्र परवलीचे शब्दही याच वहीत असल्याने एक पेच उभा राहिला. लोकांसमोर उघड्या असलेल्या वहीत गुपित ठेवायचे कसे?

रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी त्यावर शोधलेला मार्ग १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात वाचावयास मिळतो. परवलीचा शब्द जसाच्या तसा न लिहिता त्याचे एकदिश रूपांतर करून ठेवावयाचे. जोंधळ्याचे पीठ करता येते, पण पिठाचे पुन्हा जोंधळे होत नाहीत, तसा हा प्रकार. माणूस आत येताना जो शब्द टंकित करील तो तसाच दळावयाचा आणि दोन्ही पिठे ताडून पाहावयाची. दोघांनी एकच शब्द निवडला तरी पीठ वेगळे निघावे, यासाठी दळताना त्यात एक लहानशी संख्या मिसळली जाई. तिला इंग्रजीतील 'मीठ' याच अर्थाचा शब्द रूढ झाला. हे मीठ तेव्हा ४,०९६ प्रकारचे होते.

याच निबंधात त्यांनी एक अस्वस्थ करणारी पाहणी मांडली. वापरकर्त्यांनी स्वतः निवडलेले ३,२८९ शब्द त्यांनी तपासले. त्यांपैकी १५ शब्द एका अक्षराचे, तर ७२ दोन अक्षरांचे होते. अतिशय आखूड असल्याने किंवा शब्दकोशात व नावांच्या यादीत सापडल्याने एकूण २,८३१, म्हणजे सुमारे ८६ टक्के शब्द सहज उघड होण्याजोगे निघाले. जाते कितीही बारीक दळो, आत टाकलेला दाणा ओळखीचा असेल तर पीठही ओळखता येते.

याचा प्रत्यय नऊ वर्षांनी आला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या पहिल्या मोठ्या 'किड्या'ने इतर युक्त्यांबरोबर ही उघडी वहीही वाचली. प्रत्येक खात्यासाठी त्याने आधी रिकामा शब्द, मग खात्याचेच नाव, तेच नाव दोनदा, तेच उलटे, आणि पाचव्या रकान्यातील माणसाचे नाव व आडनाव वापरून पाहिले. तेवढ्याने भागले नाही तर सोबत बाळगलेली ४३२ शब्दांची यादी होतीच. सुमारे सहा हजार यंत्रे बाधित झाल्याचा अंदाज त्या वेळी वर्तवला गेला. हा किडा सोडणारा विद्यार्थी म्हणजे निबंधकार मॉरिस यांचाच पुत्र, हा नियतीचा विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

युनिक्सचे निर्मातेही या दुबळेपणातून सुटले नव्हते. बर्कली विद्यापीठातील जुन्या युनिक्स आवृत्तीसोबत जपली गेलेली अशीच एक फाईल पुढे अभ्यासकांच्या हाती लागली. शेल लिहिणाऱ्या स्टीव्ह बोर्न यांचा परवलीचा शब्द त्यांचे आडनाव हाच होता. रिची यांचा शब्द अवघ्या चार अक्षरांचा होता. थॉम्प्सन यांचा शब्द मात्र २०१९ पर्यंत टिकून राहिला. त्या वर्षी एका आधुनिक चित्र-प्रक्रियकाने चार दिवसांहून अधिक काळ खपून तो उलगडला. बुद्धिबळात वजिरासमोरील प्यादे दोन घरे पुढे सरकवण्याच्या खेळीची ती जुन्या पद्धतीची नोंद होती.

छायेतील दुसरी वही

यावर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात उपाय रूढ होऊ लागला, तो म्हणजे वह्या दोन करण्याचा. सर्वांना लागणारी माहिती जुन्या वहीत राहिली. दळलेले परवलीचे शब्द 'शॅडो', म्हणजे छाया, या नावाच्या दुसऱ्या फाईलमध्ये गेले. ही फाईल सामान्य वापरकर्त्याला वाचता येत नाही. जुन्या वहीतील दुसऱ्या रकान्यात दिसणारा 'एक्स' म्हणजे 'ऐवज तिकडे आहे' अशी खूण होय.

छायेच्या वहीत प्रत्येक खात्याला नऊ रकाने असतात. परवलीचा शब्द शेवटचा कधी बदलला, तो किती दिवस चालेल, संपण्याआधी किती दिवस सूचना द्यावयाची, आणि खाते कोणत्या दिवशी कायमचे मिटेल, याचा हिशेब तेथे असतो. हे दिवस १ जानेवारी १९७० पासून मोजले जातात. 'चेज' या आज्ञेने प्रशासकाला ही मुदत पाहता व बदलता येते. तीन महिन्यांच्या करारावर आलेल्या माणसाचे खाते उघडतानाच त्याची शेवटची तारीख लिहून ठेवता येते. मग त्याला निरोप देण्याच्या धावपळीत कोणी विसरले, तरी यंत्र विसरत नाही. ही सोय फुकटची आहे, आणि तरीही ती वापरण्याचा कंटाळा केला जातो.

परवलीचा शब्द दर महिन्या-दोन महिन्यांनी सक्तीने बदलावयास लावण्याची प्रथा मात्र आता मागे पडत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ही सक्ती टाळावी, शब्द फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच तो बदलावा, असे सुचवले. सक्ती झाली की माणसे जुन्याच शब्दाच्या शेपटाला एक, दोन, तीन असे आकडे जोडत जातात, हा अनुभव त्यामागे आहे.

वहीत लिहिण्याची रीत

या वह्या साध्या मजकुराच्या असल्या, तरी त्या हाताने उघडून खाडाखोड करणे धोक्याचे असते. १९६० च्या दशकात, युनिक्सच्याही आधी, एमआयटी या संस्थेतील सामाईक संगणकावर घडलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. दोन प्रशासक एकाच वेळी बसले होते. एक परवलीच्या शब्दांची फाईल दुरुस्त करीत होता, तर दुसरा वापरकर्त्यांना दाखवावयाची दिवसाची सूचना लिहीत होता. तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या समोर सूचनेच्या जागी साऱ्यांचे परवलीचे शब्द झळकू लागले.

तो धडा युनिक्सच्या साधनांत उतरला आहे. 'व्हीआयपीडब्ल्यू' ही आज्ञा वही उघडण्यापूर्वी तिला कडी लावते, जेणेकरून दुसऱ्या कोणाला त्याच वेळी तिच्यात लिहिता येऊ नये. रोजच्या कामासाठी लिनक्सवर 'यूजरअॅड', 'यूजरमॉड' व 'यूजरडेल' या आज्ञा आहेत. त्या अनुक्रमे खाते उघडतात, बदलतात व काढून टाकतात. 'पीडब्ल्यूसीके' ही आज्ञा दोन्ही वह्या ताडून विसंगती दाखवते. वापरकर्त्याला स्वतःचा परवलीचा शब्द 'पासडब्ल्यूडी' या आज्ञेने बदलता येतो. पण स्वतःचा क्रमांक किंवा गट त्याला बदलता येत नाही, आणि ते योग्यच आहे. सातबाऱ्यावरील मालकाचे नाव मालकाला स्वतः खोडता येत नाही, तसेच हे.

प्रशासकांमध्ये 'रूट'चा एकच परवलीचा शब्द वाटून घेण्याची सवय आणखी घातक. पाच जणांना ठाऊक असलेल्या शब्दाने काही बिघडले, तर ते कोणाच्या हातून, हे सांगता येत नाही. पाचांतील एक नोकरी सोडून गेला की उरलेल्या चौघांना शब्द बदलावा लागतो. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो केंद्रात १९८० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या 'सूडू' या आज्ञेने हा प्रश्न सोडवला. तिच्यामुळे प्रत्येक जण आपल्याच खात्याने काम करतो, ठरवून दिलेल्या कामापुरतेच त्याला जादा अधिकार मिळतात आणि कोणी काय केले याची नोंद राहते.

खाते मिटवताना

खाते उघडण्यास एक ओळ पुरते. मिटवण्यास मात्र बरेच काही लागते. सर्वसाधारण समज असा की परवलीचा शब्द गोठवला की काम झाले. 'यूजरमॉड'ने खाते गोठवले म्हणजे छायेच्या वहीतील दळलेल्या शब्दाआधी उद्गारचिन्ह लागते आणि मग कोणताही शब्द जुळत नाही. परंतु ज्याने दूरस्थ प्रवेशासाठी 'एसएसएच' किल्ली आधीच ठेवली आहे, त्याला परवलीच्या शब्दाची गरजच नसते. पुढचे दार बंद झाले तरी त्याचे परसदार उघडे राहू शकते. म्हणून शब्द गोठवण्याबरोबर खात्याची मुदत संपल्याची तारीख लिहिणे आणि घर-निर्देशिकेतील या किल्ल्या काढणे आवश्यक ठरते.

त्यानंतरही तीन गोष्टी उरतात. पहिली, त्या क्षणी चालू असलेली त्याची कामे. आधीच आत असलेल्या माणसाला दार बंद झाल्याचा उपद्रव होत नाही. दुसरी, ठरावीक वेळी आपोआप चालण्यासाठी त्याने लावून ठेवलेली कामे. तिसरी, इतरांच्या आज्ञावलींत त्याने केलेले अलीकडचे बदल. अर्बाना येथील प्रकरण या तिसऱ्या प्रकारात मोडते. तेथे खाते संध्याकाळी बंद झाल्यावरही त्याने मागे ठेवलेल्या ओळी जिवंतच होत्या.

खाते घाईने समूळ काढून टाकणे हाही उपाय नव्हे. 'यूजरडेल'ने ओळ पुसली जाते आणि सांगितल्यास घर-निर्देशिकाही जाते, पण यंत्रणेत इतरत्र विखुरलेल्या त्याच्या फायली तशाच राहतात. यादीत त्यांच्यासमोर मालकाच्या नावाऐवजी नुसता क्रमांक दिसू लागतो. उद्या नव्या कर्मचाऱ्याला चुकून तोच १००७ क्रमांक मिळाला, तर त्या साऱ्या बेवारस फायली एका क्षणात त्याच्या मालकीच्या होतात. वेतनाचा जुना तक्ता असो की गोपनीय पत्रव्यवहार, यंत्राला फरक कळत नाही. त्यामुळे जाणकार प्रशासक एकदा दिलेला क्रमांक पुन्हा वापरत नाहीत. ते आधी खाते गोठवतात, फायलींचा नवा मालक ठरवतात आणि मगच ओळ पुसतात. मालक नसलेल्या फायली शोधण्याची सोय 'फाइंड' या आज्ञेत आहे.

यंत्रे शेकड्यांनी असतील तर प्रत्येकावर वेगळी वही ठेवणे अशक्यप्राय होते. मग 'एलडॅप'सारख्या पद्धतीने एकच मध्यवर्ती नोंदवही ठेवली जाते आणि सारी यंत्रे तिलाच विचारतात. खाते एका जागी बंद केले की ते सर्वत्र बंद होते, हा तिचा मोठा लाभ. मात्र त्या मध्यवर्ती वहीबाहेर, एखाद्या यंत्रावर तात्पुरते म्हणून उघडलेले स्थानिक खाते या जाळ्यातून निसटते, हे विसरून चालत नाही.

विसरलेल्या खात्याची किंमत

असे निसटलेले खाते किती महाग पडते, हे मे २०२१ मध्ये अमेरिकेत दिसले. ती घटना युनिक्सपुरती नव्हती, पण धडा तोच होता. 'कलोनियल पाइपलाइन' या इंधनवाहिनी कंपनीच्या जाळ्यात खंडणीखोर शिरले ते दूरस्थ प्रवेशाच्या एका जुन्या खात्यातून. ते वापरात नव्हते, तरी चालू होते. त्याला परवलीच्या शब्दापलीकडे दुसऱ्या पडताळणीचे संरक्षणही नव्हते. पूर्व किनाऱ्याचा इंधनपुरवठा काही दिवस विस्कळीत झाला आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी मोजली.

भारतात या प्रश्नाला आता कायद्याचीही बाजू आली आहे. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात, ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपल्यावर ती जपून ठेवू नये, हे तत्त्व मांडले आहे. त्या दृष्टीने 'पासडब्ल्यूडी'तील पाचव्या रकान्याकडे पाहावे लागेल. सोडून गेलेल्या माणसाचे नाव व दूरध्वनी क्रमांक यंत्रणेवरील कोणालाही वाचता यावेत, असे कारण सहसा उरत नाही. या रकान्यात मुळात कामापुरतीच माहिती लिहावी, हे बरे.

या साऱ्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. महिन्यातून एकदा कर्मचाऱ्यांचा हजेरीपट आणि खात्यांची यादी शेजारी शेजारी ठेवून वाचावी. हजेरीपटात नसलेले नाव यादीत दिसले, तर त्याचे कारण विचारावे. 'लास्ट' या आज्ञेने कोण कधी आत येऊन गेले हे पाहावे आणि कित्येक महिन्यांत न वापरलेली खाती गोठवावीत. माणसांसाठी नसलेल्या, केवळ सेवा चालवण्यासाठीच्या खात्यांना आत शिरण्याचा शेल देऊ नये. आणि कोणाला निरोप द्यावयाचा असेल, तर त्याचे खाते बंद करण्याचा निरोप संगणक विभागाला त्याच वेळी मिळेल, अशी व्यवस्था मनुष्यबळ विभागाने करावी. अर्बानात चुकले ते इतकेच. तेथे एका सजग अभियंत्याची नजर वेळेवर पडली, हे संस्थेचे सुदैव. पण जी दक्षता नोंदवहीने घ्यावयाची, ती दर वेळी सुदैवावर सोपवता येत नाही.